तांबडीची टाकी

१

आबांनी चादर ओढली आणि त्यांचा हात हवेतच राहिला.

चादरीखाली तांबडी होती. हँडल होतं, मडगार्डवरचा दिवा होता, गुबगुबीत टायर होते. पण पोट नव्हतं. दांड्यांच्या मध्ये जिथे तिची टाकी बसायची, तिथून आता पलीकडची भिंत दिसत होती.

"अगं आई गं!" दातांचे डॉक्टर कळवळले. एरवी दुसऱ्याचं दुखणं बघून ते असं काही म्हणत नाहीत.

ज्यांना हे वेड नाही त्यांच्यासाठी सांगते. मलाही ते नव्हतं. लग्नात नवऱ्याबरोबर आलं, म्हणून सांभाळलं. एके काळी मोटारसायकलची हौस असलेल्या, पण वयात न बसणाऱ्या पोरांसाठी कारखान्यांनी जाड, फुगीर टायरच्या सायकली काढल्या. दांड्यांच्या मध्ये पत्र्याची टाकी, थेट मोटारसायकलसारखी. तिच्यात पेट्रोल नाही. फार तर एक भोंगा. म्हणजे नुसता थाट, पण काय थाट तो! तांबडीच्या टाकीवर हस्तिदंती रंगाचा एक बाण होता, मागे रुंद आणि पुढे निमुळता होत गेलेला, आणि त्याच्या कडेनं कुणीतरी हातानं ओढलेली केसाएवढी रेघ. ती नुसती उभी असली तरी निघाली निघाली असं वाटायचं. रंग विटलेला, कडा गंजानं खाल्लेल्या. पण सगळं मूळचं, कारखान्यातून आलं तसं.

असल्या सायकलींवर जीव टाकणाऱ्यांच्या टोळक्याला आम्ही घरचे 'फुगीर मंडळ' म्हणतो. वर्षातून एका रविवारी ते आबांच्या दिवाणखान्यात जमतात. प्रत्येक जण आपली सर्वात देखणी सायकल आदल्या दिवशीच आणून ठेवतो, आणि मग सगळ्यात सुंदर कुठली यावर घसा बसेपर्यंत भांडतात. मंडळात आबा सर्वात मोठे. जन्मभर पुलांचे नकाशे काढले, आता मान तिरकी करून बघण्याची नवीन लकब जडलीय. मग डॉक्टर. मग शाळेत खेळ शिकवणाऱ्या बाई. आणि आमचे हे, घड्याळजी. ह्यांचा हात इतका शिस्तीचा, की घरातला मिक्सर उघडला तरी काढलेला प्रत्येक स्क्रू लगेच त्याच्याच भोकात परत फिरवून ठेवतात. म्हणतात, वस्तू उघडी असली तरी तिला आपलं सगळं जवळ आहे असं वाटलं पाहिजे. अशा माणसाशी भांडता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिला आहे.

ह्यांनी गुरुवारी डॉक्टरांकडे दात भरून घेतला, तेव्हापासून घरात अवाक्षर काढलं नव्हतं. गाल बधिर असेल, असं धरून मी त्या शांततेची मजा घेत होते. आत्ताही ते भिंतीला टेकून गप्प उभे होते.

"चोरी!" बाई म्हणाल्या. "पोलिसांना—"

"थांबा," आबा म्हणाले. "हे बाहेरच्याचं काम नाही. आणि तुमच्यातलं कुणी तिला उघडायच्या आधी स्वतःचं बोट कापून देईल."

त्यांनी मान तिरकी केली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले. तिथे त्यांची सून चहाचा ट्रे घेऊन उभी होती. आबा तिला एरवी 'पोरी' म्हणतात.

"सूनबाई," ते म्हणाले, "टाकी कुठे ठेवलीस?"

२

तिनं ट्रे खाली ठेवला. कप वाजला नाही एकही. मग ती आत गेली, आणि मी तिच्यामागे.

"काकू, तुम्ही चहा गाळून घ्या," ती म्हणाली. "मी बॅग भरते."

"कसली बॅग?"

"ह्यांच्याकडे जाते. किती दिवस बोलवतायत. नोकरी तिकडे, बायको इकडे, असं किती चालायचं? आबांना चांगल्या ठिकाणी ठेवू म्हणतात, नर्सबिर्स असतात तिथे. मीच आडवी पडत होते. म्हटलं, आबांना माझ्याशिवाय करमायचं नाही. रोज सकाळी पेपर मी वाचून दाखवते. म्हणतात, तू वाच, तुझा आवाज छान आहे." ती हसली, पण ते हसू बघवेना. "छान आवाजाची चोर."

"तू तांबडीला भंगारवाल्याला देईन म्हणाली होतीस, ते त्यांच्या मनात राहिलं असेल."

"म्हणाले होते, हो! मी शिवणकाम करते, काकू. कापड पसरायला लांब टेबल लागतं, आणि दिवाणखान्यात उजेडाची जागा कुणाला? तर सायकलीला! रागात म्हटलं. रागात तर बाई नवऱ्यालाही भंगारात काढते."

"मी दर आठवड्याला काढते."

ह्या वेळी ती खरंच हसली, आणि लगेच तिचा चेहरा पडला. "त्यांनी विचारलंसुद्धा नाही, की घेतलीस का. कुठे ठेवलीस, म्हणाले."

मी बस कंपनीच्या हरवलं-सापडलंच्या खिडकीवर काम करते. लोकांना वाटतं आम्ही वस्तू शोधतो. वस्तू काय शोधायची? माणूस शोधायचा. घाबरलेला माणूस, प्रेमात असलेला माणूस, कंटाळलेला माणूस, प्रत्येक जण वस्तू वेगळ्या ठिकाणी ठेवतो, आणि जिथे ठेवतो तिथे त्याची सवय मागे राहते.

"चहा होईपर्यंत थांब," मी म्हटलं. "टाकी मी काढते शोधून."

"शोधा. पण मी ह्यांना आधीच कळवलंय काकू," ती म्हणाली आणि मोबाइल ओट्यावर पालथा ठेवला. "संध्याकाळच्या गाडीनं येतेय म्हणून."

३

शनिवारी दुपारी काय झालं ते मी आधी नीट लावून घेतलं. सून गिऱ्हाइकाकडे मापं घ्यायला गेली होती. आबा आतल्या खोलीत झोपले होते. दाराची कडी बाहेरून कशी काढायची ते सगळ्या मंडळाला ठाऊक आहे. सून परत आली तेव्हा सायकली ओळीनं लागलेल्या होत्या आणि माणसं गेलेली होती.

डॉक्टर त्यांच्या हिरव्या-दुधी सायकलीपाशी फडकं घेऊन बसले होते. शेजारी त्यांचा स्टीलचा ट्रे. दवाखान्यातली सवय, एक खिळासुद्धा काढला तरी आधी ट्रेमध्ये पडतो. ती सायकल बघून मी प्रश्न विसरले. खोटं कशाला बोलू! टाकी माशाच्या पोटासारखी, मडगार्डं मागे पाण्याच्या थेंबासारखी निथळत गेलेली, आणि लोखंडाला अशी झळाळी की त्यात बघून भांग पाडावा.

"सुंदर म्हणजे काय, वहिनी?" डॉक्टर म्हणाले. "पहिल्या दिवशी दुकानाच्या काचेत जशी होती तशी. झिजलेल्या दाताला आपण 'मूळचा आहे हो' म्हणून ओवाळतो का?"

"आणि तांबडी?"

"तांबडीची ठेवण म्हणजे... बाकी सगळ्या तिच्या नकला आहेत. माझीसुद्धा."

"मग तिची टाकी कुणी काढली असेल?"

त्यांचं फडकं थांबलं. नजर आबांकडे गेली आणि परत आली. "मला नाही माहीत. पण आबांना काही विचारू नका सध्या. त्यांचं मोठं काहीतरी ठरलंय. ते स्वतःच सांगतील."

"काय ठरलंय?"

"मी शब्द दिलाय," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी एवढ्या जोरात दिवा पुसायला घेतला की मला त्या दिव्याची दया आली.

बाईंची सायकल निळी. एक मडगार्ड चेपलेलं, टायरवर ताजा चिखल. ती सायकल रोज शाळेत जाते.

"उभी सायकल म्हणजे कपाट!" बाई म्हणाल्या. "ह्या टायरवर बसून खड्ड्यातून गेलाय कधी? खड्डा लागतच नाही. गादीवरून गेल्यासारखं! ज्यानं ते टायर काढले ना, त्याला पोरांच्या बुडाची काळजी होती. हे त्याचं सौंदर्य, वहिनी. बाकी सगळा नट्टापट्टा."

"काल तुम्ही आलात तेव्हा कोण होतं?"

"डॉक्टर निघत होते. मी निघाले तेव्हा तुमचे हे येत होते. सायकलीवर बसून नाही हं! हातात धरून, न्हाऊ घातलेलं लेकरू आणल्यासारखे."

म्हणजे तिघंही एकेकटे होते तिथे. मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांची सायकल बायकांची. झगा चाकात अडकू नये म्हणून मागच्या चाकावर दोऱ्यांची जाळी विणलेली, कोळ्यानं हेवा करावा अशी. निम्मे दोरे तुटलेत, पण हे नवीन घालत नाहीत. जे गेलं ते गेलं, जे आहे ते खरं आहे, असं ह्यांचं म्हणणं.

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"सापडेल," हे म्हणाले. गुरुवारनंतरचा पहिला शब्द. "कुठे जात नाही ती."

मलाही तसंच वाटत होतं. एवढी मोठी वस्तू भर दुपारी रस्त्यानं कोण नेईल? मी बाईंना म्हटलं, घर बघू या. पलंगाखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं. टाकी कुठेच नव्हती. मग बाई शिवणाच्या टेबलाखाली वाकल्या आणि तिथली कापडाची पेटी त्यांनी बाहेर ओढली.

"वहिनी," त्या हळूच म्हणाल्या, "तुम्ही इकडे या. आणि तिला नका बोलावू."

पण सून दारातच उभी होती.

४

पेटीत पांढऱ्या साटीनचा तागा होता, आणि ताग्याच्या घड्यांमध्ये, तान्ह्या बाळासारखी गुंडाळलेली, तांबडीची टाकी.

क्षणात सगळे पेटीभोवती जमले. डॉक्टरांनी टाकी दोन्ही हातांनी उचलली, उजेडात धरली. "ओरखडा नाही! एक ओरखडा नाही!" बाईंनी आत अडकलेला भोंगा चाचपला. आबांनी बाणावरून बोट फिरवलं. ह्यांनी डोळे मिटून सुस्कारा सोडला.

सून मात्र टाकीकडे बघतच नव्हती. तिनं पेटीतून साटीन ओढून काढलं. त्याच्यावर गंजाचे तपकिरी डाग उमटले होते, घडीगणिक एक.

"माझं साटीन!" ती ओरडली. "गायिकेच्या कार्यक्रमाचा झगा व्हायचा होता ह्याचा! अजून कात्रीसुद्धा लावली नव्हती!"

"तुझ्याच पेटीत होती," आबा कोरडेपणानं म्हणाले. "आणखी काय बघायचं राहिलं?"

"बघायचं तेच राहिलं, आबा," मी म्हटलं. "तुम्ही चौघांनी काय पाहिलं? टाकीला ओरखडा आहे का. हिनं काय पाहिलं? कापडाला डाग आहे का. आता सांगा, शिवणारी बाई गंजकं लोखंड पांढऱ्या साटीनमध्ये ठेवेल? खाली जाड कांबळ्याचे तुकडे पडलेत, त्यात ठेवेल. भंगारात द्यायचीच असती तर गोणपाटात घालून कधीच दिली असती. घरातली सर्वात मऊ वस्तू शोधून त्यात टाकी ठेवणारा माणूस कापडाला ओळखत नाही. तो फक्त रंगाला ओळखतो."

बाईंनी टाकी ठेवायला टेबलावर जागा केली.

"मला एक सांग," मी सुनेला विचारलं, "तू काल तांबडी हलवली होतीस?"

"बाहेर जायच्या आधी हलवली, साटीन पसरून बघायला. तिथून इथवर."

"कशी?"

"कशी म्हणजे? ढकलली, काकू! पालखीतून नेऊ का तिला?"

मी गुडघे टेकून तांबडीपाशी बसले. इतकी वर्षं ह्या लोकांच्या जेवणाच्या टेबलावरच्या गप्पा ऐकून डोक्यात नको ते भरलंय. मंडळाची एक रीत आहे. सायकल बघायला ठेवली, की चेनची बाजू माणसांकडे. चेनच्या बाजूचं पेडल पुढे, जमिनीला समांतर. आणि दोन्ही चाकांचे हवा भरायचे व्हॉल्व्ह बरोब्बर खाली, जमिनीकडे. एकदा आम्ही लग्नाला गेलो होतो, तर हे मांडवाबाहेर अनोळखी माणसाच्या सायकलीची चाकं फिरवत बसलेले सापडले.

तांबडीचे दोन्ही व्हॉल्व्ह खाली होते. पेडल पुढे, समांतर.

"ढकललेली सायकल अशी थांबत नाही," मी म्हटलं. "सून बाहेर गेल्यावर कुणीतरी टाकी काढली. चादर परत घालायच्या आधी त्याला राहवलं नाही. पुढचं चाक उचलून फिरवलं, मागचं फिरवलं, पेडल लावलं. पोट काढून घेतलं, पण तिला अव्यवस्थित सोडवेना. आबा, बोट कापून देणाऱ्यांपैकीच कुणीतरी आहे हे."

आबांची मान तिरकी झाली. बाई मागे सरल्या. "माझ्याकडे बघू नका! माझ्या सायकलीचे व्हॉल्व्ह बघा, घड्याळातल्यासारखे, एक दहाला आहे, एक चारला."

खरंच होतं ते. बाईंना मी मनातून वगळलं. डॉक्टर उरले. म्हणजे, मला वाटलं की डॉक्टरच उरले. टाकी धरून ठेवणारे स्क्रू कुठे गेले ते बघायला मी आणखी वाकले. ट्रेमध्ये पडले असतील, खिशात गेले असतील, घाईत सांडले असतील.

ते कुठेही गेले नव्हते. टाकी नसलेल्या त्या रिकाम्या दांड्यांवर, प्रत्येक स्क्रू आपापल्या भोकात, हलक्या हातानं फिरवून परत बसवलेला होता.

असे परत फिरवलेले स्क्रू मी आमच्या मिक्सरवर पाहिले होते.

५

मला ह्यांच्याकडे सरळ बघवेना, म्हणून मी डॉक्टरांकडे बघितलं.

"डॉक्टर, आबांचं काय ठरलंय ते आता सांगा. शब्दबिब्द नंतर."

डॉक्टरांनी आबांकडे पाहिलं. आबांनी हात झटकला, सांग म्हणून.

"आबांनी माझ्या रंगाऱ्याचा पत्ता मागितला होता," डॉक्टर म्हणाले. "उद्या सकाळी येणार तो. सगळा जुना रंग खरवडून तांबडी नवीन रंगवायची. मला तर आनंद झाला! एवढी वर्षं मूळ रंग, मूळ रंग म्हणणाऱ्यांच्या तोंडावर—"

"रंगवणार?" बाई किंचाळल्या. चिखलात सायकल घालणाऱ्या बाई! "आबा, तांबडीला?"

"हे तुम्ही कुणाला बोललात?" मी डॉक्टरांना विचारलं.

"छे! कुणालाही नाही. मी शब्द पाळतो." मग ते जरा घुटमळले. "म्हणजे, एका पेशंटजवळ बोललो. पण ते मोजायचं नाही. तोंडात कापूस होता त्याच्या, नळी होती. त्याला बोलताच येत नव्हतं."

गुरुवारी त्या खुर्चीत कोण होतं, ते मला ठाऊक होतं.

"मीच," हे म्हणाले.

ते भिंतीपासून पुढे आले. मला वाटलं होतं की मी चिडेन. पण ते टेबलावरच्या टाकीपाशी असे उभे राहिले, की चिडायला जागाच सापडेना.

"ही रेघ बघा," हे आबांना म्हणाले. "बाणाच्या टोकाशी, इथे. जराशी थरथरलीय. ओढणाऱ्याला कुणी हाक मारली असेल. शिंक आली असेल. तो कारखाना गेला, त्यातली माणसं गेली. तो माणूस तेवढा ह्या थरथरीत उरलाय. तो खरवडून काढायचा? नवीन रंग कधीही देता येतो, आबा. हा पुन्हा येत नाही."

"मग मला सांगायचंस."

"तुम्हाला नको म्हणायची हिंमत आमच्यात कुणाला आहे? म्हटलं, रंगारी येईल, टाकी नाही म्हणून परत जाईल. मग मीच शोधून दिली असती. रस्त्यानं न्यायची भीती वाटली, धक्का लागेल. घरात मऊ काय ते बघितलं..." त्यांनी सुनेकडे पाहिलं. "पेटी तुझी आहे हे डोक्यातच आलं नाही, पोरी."

"आणि सकाळी?" मी विचारलं. बायकोनंच विचारायला हवं होतं. "आबांनी हिला सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा? आज तर गाल बधिर नव्हता."

ह्यांचे कान लाल झाले. एवढी वर्षं संसार केला, पण ते कान मी पहिल्यांदा पाहिले.

"मला माफ कर," शेवटी ते सुनेला म्हणाले.

ती मान खाली घालून साटीनची घडी घालत होती. डाग आत जातील अशी. "बघू," ती म्हणाली. "गाडीला अजून वेळ आहे."

६

आबा त्यांच्या खुर्चीत बसले. टाकीच्या दिशेनं तोंड केलं.

"ती थरथर," ते म्हणाले, "मला दिसत नाही."

"इथे आबा, टोकापाशी—" डॉक्टर पुढे झाले.

"टोकही दिसत नाही. बाणही नाही. नजरेच्या मधोमध कुणीतरी अंगठा पुसल्यासारखं झालंय. कडेकडेनं थोडं दिसतं. म्हणून मान तिरकी करतो. विटलेला रंग मला भिंतीसारखाच दिसतो. तुम्ही सगळे येता, वा वा करता, मीही वा म्हणतो." ते हसले. "तुमची ती मूळची आहे. माझ्यासाठी ती नाहीच. म्हटलं, ताजा तांबडा भडक असतो, तेवढा कळेल. पुरतं अंधारायच्या आत एकदा तिला बघावं."

सुनेचे हात थांबले. "म्हणजे पेपर...?"

"तुझा आवाज छान आहे, हे खोटं नव्हतं."

"आबा!"

"आणि सकाळी तुला विचारलं, तेव्हा तुझा चेहरा दिसत नव्हता मला," आबा म्हणाले. "दिसला असता तर विचारलं नसतं. चुकलो मी, पोरी. फार चुकलो."

बाईंनी नाक ओढलं. डॉक्टर फडक्याची घडी घालू लागले, मग उलगडू लागले. मंडळाच्या आयुष्यात पहिल्यांदा कुणाकडेच मत नव्हतं. रंगवावी म्हणावं तर तो रेघ ओढणारा माणूस जातो. नको म्हणावं तर आबा.

सून उठली आणि टेबलापाशी आली. तिनं टाकी पहिल्यांदाच नीट पाहिली. उलटी केली, सुलटी केली, कडेवरून नख फिरवलं.

"हिला शिवण आहे," ती म्हणाली.

"काय?"

"मधून. वरून खालपर्यंत. दोन तुकडे जोडलेत ना?"

"हो," हे म्हणाले. "उजवा पत्रा आणि डावा पत्रा. स्क्रूनं जोडतात."

"आणि तुम्ही सगळे कायम चेनची बाजू बघता. डावी भिंतीकडे." तिनं आम्हा सगळ्यांकडे एक नजर टाकली. शाळेत बाईंचीही अशी चालत नसेल. "कोटाला बाहेरचं कापड वेगळं असतं, अस्तर वेगळं असतं. त्यावर कुणी सभा भरवत नाही. उजवी बाजू तुमची. थरथर, गंज, काय ते सांभाळा. डावी आबांची. ती रंगवायची, आणि आबांची खुर्ची त्या बाजूला ठेवायची."

ह्यांनी टाकीवर हात ठेवला. "पण डावी बाजूही मूळचीच आहे गं."

"साटीनही मूळचंच होतं, काका."

आबा एवढ्या जोरात हसले की त्यांना ठसका लागला. ह्यांनी हात काढून घेतला. डॉक्टरांच्या खुर्चीतही बोलता येत नव्हतं, आताही नाही.

"आणि रंगारी नको," ती पुढे म्हणाली. "घड्याळांच्या तबकड्यांवर आकडे कोण काढतं? काका काढतात. मग काकाच रंगवतील. रंग होईपर्यंत थांबते मी. पुढचं पुढे."

संध्याकाळची गाडी तिच्याशिवाय गेली. पण बॅग भरलेलीच राहिली, दाराजवळ. पुढच्या रविवारी आम्ही गेलो तेव्हाही ती तिथेच होती, आणि मी तिला वळसा घालून आत गेले.

खिडकीतून भरपूर ऊन येत होतं. डॉक्टरांनी आपल्या खास डब्यातला रंग दिला होता, तोंड वाकडं न करता. ह्यांनी जुना रंग खरवडला नाही. नुसता धुतला, आणि त्यावर नवा चढवला. "खाली आहे तो," मला कुजबुजून सांगितलं. "झोपलाय." तांबडा झाला, वाळला. मग बाण झाला. दुपारी शेवटची रेघ ओढायची वेळ आली तेव्हा बाईंनी सगळ्यांना श्वास धरायला लावला. हे टाकीपाशी बसले, मनगट दुसऱ्या हातावर टेकलं. मूळ रंगासाठी चोरी करणारा माणूस मूळ रंगावर ब्रश टेकवत होता. मी त्यांच्याकडे बघत होते, आणि लग्नाला एवढी वर्षं होऊनही माझ्या मनात जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. रेघ सरळ गेली. एका श्वासात, मागून पुढे, टोकापर्यंत.

मग टाकी जागेवर बसवली, आणि गंजलेल्या दांड्या, विटलेली मडगार्डं, जुनाट टायर, ह्या सगळ्यांच्या मधोमध तो डावा पत्रा असा पेटला, की डॉक्टरांनीही मान डोलावली. आबांची खुर्ची त्या बाजूला सरकवली. आबांनी मान तिरकी केली. जरा डावीकडे, जरा वर. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"आली," ते म्हणाले. "बघ, आली ना! दुकानातून आत्ता काढल्यासारखी!"

ते खुर्चीतून अर्धे उठले, हात पुढे करून.

"आबा, हात नाही लावायचा!" सून धावली. तिनं त्यांचं मनगट धरलं, आणि तेवढ्यात तिच्या दुसऱ्या हातातला मोबाइल वाजला. पलीकडचं बोलणं आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं. तिचा नवरा मोठ्यानं बोलतो, आबांवर गेलाय. रंग झाला का म्हणाला. मग आता निघतेस ना, म्हणाला.

"कशी निघू?" ती म्हणाली. "ओला आहे. आबा हात लावतायत. कुणीतरी लक्ष ठेवायला हवं."

किती दिवस ओला राहणार आहे, असं त्यानं विचारलं. डॉक्टरांनी सांगायला तोंड उघडलं. बाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला.

तिनं आबांकडे पाहिलं. ते तिच्या हातात मनगट तसंच ठेवून, मान तिरकी करून, तोंडभर हसत टाकीकडे बघत होते.

"काही सांगता येत नाही हो," ती म्हणाली. "काकांनी रंगाचा हात फार जाड दिलाय."